पाच हजारांची खूण

“चिमणी दिसतेय की, सर,” मी म्हणाले.

मगदूम सर गच्चीच्या कठड्याला टेकून उभे होते. कानाला मफलर, हातात पेन्सिल आणि नजर ईशान्येकडे. त्यांनी डोळे बारीक केले, पुन्हा उघडले आणि मान हलवली.

“न्हाई दिसत.”

“अहो, ती काय समोर!”

“तायडे, दिसलं तर दिसलं, न्हाई तर न्हाई. लिही. साडेतीन हजार.”

मी लिहिलं. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, सकाळचे आठ वाजायला दहा मिनिटं कमी. मुंबईहून निघालेलं आमचं विमान पाऊण तासात डोक्यावर येणार होतं आणि मी आत्ता लिहिलेल्या आकड्यामुळे ते डोक्यावरूनच पुढे जाणार होतं.

रांजणग्याच्या त्या विमानतळावर यंत्राच्या भरवशावर उतरायची सोय नव्हती. वैमानिकाला धावपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे आणि त्यासाठी निदान पाच हजार मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसत असलं पाहिजे, असा नियम. आता किती मीटर दिसतं हे ठरवायचं कसं? तर गच्चीवर उभं राहून. चारी दिशांच्या ओळखीच्या खुणा एका पत्र्याच्या फळ्यावर रंगवलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे अंतर. शाळेची कौलं आठशे. पाण्याची टाकी दीड हजार. वडाची झाडं तीन हजार, पण ती रस्तारुंदीत गेली म्हणून त्यांच्यावर रेघ. कारखान्याची चिमणी पाच हजार. खंडोबाचा डोंगर आठ हजार. डोंगर दिसला की सकाळ सोन्यासारखी. चिमणी दिसली तरी विमान उतरलं. चिमणी नाही दिसली, तर विमान माणिकनगरला.

हे माणिकनगर म्हणजे आमच्या पायातला काटा. सत्तर किलोमीटरवर, उघड्या माळावर, नदी नाही, ऊस नाही, त्यामुळे धुकंही नाही. विमान कंपनीने दोन्ही गावांना एकदमच मुंबईची फेरी दिली होती आणि आता दोन्हीकडे माणसं पुरत नाहीत म्हणून फेब्रुवारीपासून एकच ठेवणार होती. जिथे विमान ठरल्या वेळी जास्त दिवस उतरेल, ती फेरी राहणार. आमच्या गावात चौकाचौकात फलक लागले होते, ‘विमान आमच्या हक्काचं’. माणिकनगरवाले फलक लावत नव्हते. आमचं विमान तिकडे वळलं की ते उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला गुलाबाचं फूल आणि पेढा देत, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचा फोटो येई. आमच्या लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबत त्या पेढ्यानेच.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बुलढाण्याहून आलेली, हवामान निरीक्षक, पण मार्चपर्यंतच्या करारावर. विमान राहिलं तर माझी जागा कायम होणार होती. गेलं, तर गच्चीवर उभं राहून चिमण्या बघायला मला कोण ठेवणार होतं?

मगदूम सरांची एकतीस वर्षं याच गच्चीवर गेली होती. पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. ढगांची नावं मी पुस्तकात शिकले होते, ढग ओळखायला त्यांनी शिकवलं. रजिस्टरात सात आणि एक यांत गोंधळ होऊ नये म्हणून सातला आडवी रेघ मारायलाही त्यांनीच लावलं. घरून माझ्यासाठी वेगळा डबा आणायचे. नाही म्हटलं तर म्हणायचे, “आमच्या घरात मोजून भाकरी करायची पद्धत न्हाई.” आणि हाक मारायचे ‘तायडे’. ते माझं आडनाव होतं, पण त्यांच्या तोंडून आडनाव आलंय की लाडाची हाक, ते मला पहिले पंधरा दिवस कळलंच नव्हतं. एकदा विचारलं, तर हसले. “दोन्ही समज. माझ्या लेकीलापण आम्ही घरात तायडीच म्हणतो.”

ही लेक त्यांनी माणिकनगरला दिली होती. आणि गावाने नेमकं तेच धरलं.

“लेक दिली तिकडं, आता विमानंपण तिकडंच देतोय,” असं चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडावर म्हणत. त्यांचे व्याही तिथल्या विमानतळ विकास समितीवर होते, हेही सगळ्यांना पाठ होतं. “मगदुमाची नजर लागली बघा आमच्या विमानाला,” असं एकाने म्हटलं, तेव्हा मगदूम सर शांतपणे चहा संपवून म्हणाले, “नजर लावायचाच पगार मिळतोय मला.” मी पोट धरून हसले होते. तो ऑक्टोबर होता. तोवर मी त्यांच्या बाजूची होते.

डिसेंबरात गळीत हंगाम भरात आला. नदीवरचं धुकं, उसाच्या फडांचा धूर, दोन्ही मिळून सकाळी राखाडी पडदा पडायचा. त्या दोन आठवड्यांत सहा वेळा विमान माणिकनगरला गेलं. आणि त्या सहापैकी पाच दिवस मला चिमणी दिसत होती.

हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं होतं. डोळे धुऊन बघितलं, एक डोळा झाकून बघितलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती उंच चिमणी फिकट का होईना, पण दिसत होती. आणि माझ्याशेजारी उभा राहून एकतीस वर्षांचा अनुभवी माणूस म्हणत होता, न्हाई दिसत.

याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर सरांचे डोळे गेले होते. पण ते दूरच्या तारेवर बसलेला पक्षी नावानिशी सांगायचे. मग राहिला दुसरा अर्थ.

विमानतळाचे व्यवस्थापक इंगवले साहेब पुण्याचे. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. फेरी टिकवून दाखवली तर त्यांना मोठा विमानतळ मिळणार होता, हे ते लपवत नसत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“शुभदा, खरं सांगा. आज चिमणी दिसत होती का?”

मी दार लावून घेतलं.

“मला तुमच्याकडून खोटं काही नकोय हं. खोटा आकडा लिहा असं मी कधी म्हणणार नाही. फक्त तुमच्या डोळ्यांना काय दिसलं, ते सांगा.”

“दिसत होती,” मी म्हणाले.

“आणि काल?”

“कालही.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. “मग हे लिहून द्या. खऱ्याला घाबरायचं कशाला?”

मी लिहायला बसले आणि दोन ओळींत अडकले. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. ‘मगदूम यांची कन्या माणिकनगर येथे दिली असून त्यांचे व्याही तेथील विमानतळ समितीचे सदस्य आहेत. दृश्यमानता पाच हजार मीटरपेक्षा जास्त असताना ते हेतुपुरस्सर ती कमी नोंदवतात.’ हेतुपुरस्सर हा शब्द मी आयुष्यात कधी वापरला नव्हता. शब्द त्यांचे होते, पण अक्षर माझं, सही माझी. सहीखाली तारीख घातली, एकोणीस. त्यातल्या एकला आणि नवाला सरांनी लावलेलं वळण होतं.

हे मी कुणाच्या दबावाखाली केलं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण मला ते खरं वाटत होतं. खरं वाटत होतं आणि सोयीचंही होतं, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सरांना दुपारची पाळी मिळाली. पत्राचं त्यांना कुणी सांगितलं नाही. इंगवले साहेब म्हणाले, “निवृत्ती जवळ आलीय, थंडीत कशाला उठता.” सर “बरं” म्हणाले. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले.

“सकाळी एकटी आहेस आता. घाई करू नकोस. डोळ्याला पाच मिनिटं दे, मग लिही.”

“हो सर.”

“आणि कान टोपीत घाल. वारं बाधतंय.”

तेव्हा ते एक जरी वाक्य जास्त बोलले असते, किंवा मी एक जरी प्रश्न विचारला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांना वाटलं मला सगळं येतं, आणि मला वाटलं मला सगळं कळलंय.

पुढे, रविवारची सुट्टी सोडली तर, सलग अकरा सकाळी विमान रांजणग्यात उतरलं. मी पाच मिनिटं डोळ्याला द्यायचे, चिमणी दिसायची, मी पाच हजार लिहायचे. दोनतीनदा वैमानिक उतरल्यावर टॉवरमधल्या मुजावरला म्हणाले की आज जरा जास्तच धूसर होतं. मुजावर टॉवरवरून रेडिओवर विमानांशी बोलायचा, माझा आकडा तोच वैमानिकाला कळवायचा. त्याने मला ते सांगितलं. मी म्हणाले, “उतरले ना?” तो म्हणाला, “उतरले म्हणा.”

गावात माझं नाव झालं. टपरीवाला चहा पुढे करून म्हणायचा, “घ्या मॅडम, डोळ्यांना ताकद पाहिजे.” माणिकनगरचे पेढे थांबले.

बारावी सकाळ होती जानेवारीच्या दोन तारखेची.

धुकं त्या दिवशी जास्त होतं हे मला दिसत होतं. डोंगर तर नव्हताच. पाण्याची टाकी होती, तिच्या पलीकडे सगळं दुधाळ. मी पाच मिनिटं दिली. दहा दिली. मग चिमणी दिसली. पट्टे दिसत नव्हते, नुसती एक उभी रेघ आणि तिच्या टोकाला धूर. पण होती. दिसलं तर दिसलं. मी खाली जाऊन पाच हजार लिहिले आणि मुजावरला आकडा दिला.

“नक्की ना?” त्याने विचारलं.

“चिमणी दिसतेय.”

पावणेनऊच्या सुमाराला आवाज आला. मी गच्चीवरच होते. रोज विमान पश्चिमेकडून, उजव्या हाताने यायचं. त्या दिवशी आवाज डावीकडून येत होता. आधी वाटलं धुक्यात आवाज फिरतोय. मग तो वाढत गेला आणि माझ्या लक्षात आलं की तिकडे धावपट्टी नाही, तिकडे राज्य रस्ता आहे. धावपट्टीला समांतर, सरळसोट. आणि त्या वेळी त्यावर कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाड्यांची रांग असायची, सगळ्यांचे दिवे लावलेले, वरून धावपट्टीच्या दिव्यांसारखे.

खाली मुजावर ओरडत होता. काय ते मला ऐकू आलं नाही. मग धुक्यातून एकदम विमानाचं पोट दिसलं. चाकं खाली, इतकं जवळ की खिडक्या मोजता आल्या असत्या. ट्रॅक्टरवाल्यांनी उड्या मारलेल्या मी पाहिल्या. एक ट्रॉली आडवी झाली, ऊस रस्त्यावर पसरला. आणि विमानाने नाक वर केलं. तो आवाज मी विसरलेले नाही. ते वर गेलं, दिसेनासं झालं, आवाज दक्षिणेकडे लांबत गेला. विमानात त्रेसष्ट माणसं होती. मी गच्चीवर खाली बसले.

कुणालाही काही झालं नाही. विमान माणिकनगरला उतरलं. प्रवाशांना गुलाब मिळाले, पेढे मिळाले.

पंधरा मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. मगदूम सर होते. अंगात घरातला बनियन, वर शाल, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. विमान त्यांच्या कौलांवरून गेलं होतं, फळीवरची भांडी पडली होती.

“किती लिहिलंस?” त्यांना धाप लागली होती.

“पाच हजार.”

“काय बघून?”

मी हात उचलून दाखवलं. तोवर धुकं थोडं हललं होतं. “कारखान्याची चिमणी. ती काय, सर. धूरसुद्धा दिसतोय. खरंच दिसत होती.”

सर माझ्या बोटाच्या रेषेत बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दार चुकून आत आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

“कारखान्याला धूर कुठला, तायडे?” ते म्हणाले. “कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली.”

मला कळेना.

“ते खाजगी हाय. तीन हजारसुद्धा न्हाई, अलीकडच्या काठाला हाय ते. कारखाना त्याच्या मागं. डावीकडं, बुटकी चिमणी. मातकट रंगाची. ती आपली खूण.”

मी ती बुटकी चिमणी स्वच्छ दिवशी शंभरदा पाहिली होती. माझ्या घरमालकीणबाई, रिक्षावाले, टपरीवाला, सगळे तिला ‘बंद कारखाना’ म्हणत. आणि कारखाना म्हणजे अलीकडचा, लाल-पांढऱ्या चिमणीचा, एका कंपनीने उभारलेला. मी आले तेव्हा गावात कारखाना तोच होता. पण सरांसारखी जुनी माणसं त्याला कधी कारखाना म्हणालीच नाहीत. त्यांच्यासाठी कारखाना एकच, सहकारी, त्यांच्या वडिलांनी ज्याच्या पायाचे दगड वाहिले तो. दुसरा होता तो नुसता ‘खाजगी’. फळा रंगवला तेव्हा दुसरा नव्हताच. दोन्ही चिमण्या गच्चीवरून जवळजवळ एका रेषेत. पाच महिने आम्ही शेजारी शेजारी उभं राहून एकच शब्द उच्चारत होतो आणि दोन वेगळ्या गोष्टींकडे बघत होतो.

म्हणजे ते सहाही दिवस सर बरोबर होते.

“सर, मी...” मी टोपीने डोळे पुसले.

“रडू नकोस. माणसं वाचली न्हवं?” त्यांनी शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. “फळ्यावर मी लिहायला पाहिजे होतं. खाजगी उभं राहिलं तेव्हाच. राहूनच गेलं बघ. चूक माझी हाय.”

शाल अंगावर असताना मला त्यांना पत्राचं सांगता आलं असतं. गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी नाही सांगितलं.

आठ दिवसांनी मुंबईहून चौकशीला दोन अधिकारी आले. इंगवले साहेबांच्या केबिनमध्ये टेबल लावलं, रजिस्टर उघडलं. एका बाजूला सर आणि मी, दुसऱ्या बाजूला ते दोघे, कोपऱ्यात इंगवले साहेब.

मोठ्या अधिकाऱ्याने आधी सरांनाच विचारलं. सर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“हिला कामाला मी तयार केलं, साहेब. खुणा मी दाखवल्या. फळ्यावर कारखाना लिहिलंय, पण कुठला ते लिहिलेलं नाही. ती बाहेरगावची, तिला काय ठाऊक? जबाबदारी माझी आहे. मी तसं लिहून देतो.”

अधिकारी काही वेळ लिहीत राहिला. मग म्हणाला, “इतके अनुभवी आहात, तर तुम्हाला हंगामात सकाळच्या पाळीवरून का काढलं?”

“थंडीमुळं. साहेबांनी सवलत दिली.”

अधिकाऱ्याने इंगवले साहेबांकडे पाहिलं. इंगवले साहेबांनी फाइल उघडली आणि तो कागद पुढे केला. “कारण हे होतं, सर.”

अधिकाऱ्याने तो मोठ्याने वाचला. कन्या माणिकनगर येथे दिली असून. व्याही तेथील समितीचे सदस्य. हेतुपुरस्सर. सही, शुभदा तायडे.

मी खाली बघत होते. मला सरांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या, त्या दिवशी एकाच जोडीच्या. त्या हलल्या नाहीत.

“मगदूम, हे ऐकूनही तुमचं म्हणणं तेच आहे?”

“तेच, साहेब,” सर म्हणाले. आवाजात काहीच फरक नव्हता. “खुणा मीच दाखवल्या.”

मग अधिकारी माझ्याकडे वळला. “मिस तायडे, पत्रातला आरोप तुम्हाला मागे घ्यायचा आहे का? म्हणजे डिसेंबरातल्या मगदूम यांच्या नोंदी बरोबर होत्या, असं तुमचं आज म्हणणं आहे का?”

इंगवले साहेबांनी घसा साफ केला. मी त्यांच्याकडे बघितलं. सरांच्या नोंदी बरोबर म्हटल्या, तर माझ्या अकराच्या अकरा सकाळी चूक ठरत होत्या. चूक एका सकाळची असली, तर ती धुक्यात कुणाचीही होऊ शकते. अकरा सकाळींची असली, तर विमान माणिकनगरचं, आणि मी मार्चनंतर बुलढाण्याची.

सर माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते, ईशान्येकडे.

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे आरोप कायम?”

“हो.”

एवढंच. हे दोन शब्द मी इतक्या वर्षांत नवऱ्यालाही सांगितलेले नाहीत. त्याला चुकलेल्या चिमणीची गोष्ट माहीत आहे. ती मी हसत हसत सांगते, लोकांना आवडते.

केबिनमधून बाहेर आलो. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी माठातून पेला भरून आणला.

“पाणी घ्या, तायडे मॅडम,” ते म्हणाले.

मी पेला घेतला. त्यांनी टोमणा मारला असता तर मी सोसला असता. पण टोमणा नव्हताच. अगदी आदराने, परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाले होते. त्या दिवसानंतर ते मला कधी ‘तू’ म्हणाले नाहीत.

मगदूम सरांना लेखी ताकीद मिळाली, खुणांचा फळा अद्ययावत न ठेवल्याबद्दल आणि नोंदींबाबत संशयास जागा ठेवल्याबद्दल. पेपरात फक्त दुसरं कारण आलं. एकतीस वर्षांनी त्यांचा निरोपसमारंभ झाला नाही, कारण वर्गणी मागायला कुणी गेलं नाही. त्यांनी शेवटच्या दिवशी स्वतःच ब्रश घेऊन फळ्यावर नवं अक्षर काढलं. ‘बंद सहकारी कारखाना, चिमणी, ५०००.’ गावाने पुढेही त्यांना ‘माणिकनगरचे व्याही’च म्हटलं. वर्षभरात ते घर विकून खरोखरच लेकीकडे राहायला गेले. गाव म्हणालं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

विमान आम्हाला मिळालं. फेब्रुवारीतल्या पहिल्या फेरीच्या दिवशी धावपट्टीशेजारी मांडव घातला होता आणि माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल मी वापरत नाही. दुसरी, जुनी, सरांची, ती परत करायची राहिली. ती वापरते.

नऊ वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, मी माणिकनगरला गेले. आता आमच्याकडे गच्चीवर यंत्र बसलंय, ते आपोआप मीटर सांगतं. मी कायम झाले, वर चढले, माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. त्यांना मी रोज सांगते, खूण नावाने ओळखू नका, जागेवर जाऊन बघून या. सकाळी निघताना पिशवीत ती शाल घेतली होती.

दार त्यांच्या लेकीने उघडलं. माझ्याच वयाची. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

“कोण आलंय गं?”

“मी शुभदा, सर. शुभदा तायडे. रांजणग्याहून.”

त्यांनी चष्मा सारखा केला. “या की. या, तायडे मॅडम. बसा.”

मी बसले. चहा आला. त्यांनी मुलं किती, नवरा काय करतो, सगळं विचारलं. मग मी म्हणाले, “सर, ते पत्र. आणि मी त्या दिवशी आत जे बोलले...”

“झालं ते, मॅडम,” ते म्हणाले. “चहा निवतोय तुमचा.”

“माझं ऐकून तरी घ्या. तुम्ही बरोबर होता. सहाही दिवस. मला तेव्हा कळलं होतं. कळूनही मी...”

“मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “तुम्हाला कळलं होतं, ते मी गच्चीवरच बघितलं होतं.” आणि विषय बदलल्यासारखं, सवयीने म्हणाले, “आज किती होती तिकडं?”

“चार हजार,” मी म्हणाले. “बंद कारखाना दिसत नव्हता.”

“बंद कशाला? नुसतं कारखाना म्हणा.” ते किंचित हसले. “आता तुम्हाला ठाऊक हाय कुठला.”

शाल मी पिशवीतून काढली, घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, ओळखली, आणि पुन्हा माझ्या हातात दिली. “असू द्या. वारं असतंय गच्चीवर.”

एसटीची वेळ झाली होती. मी वाकून नमस्कार केला, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून फाटकापाशी आले. तेवढ्यात मागून त्यांची हाक आली, तीच, तशीच, शेवटचा स्वर जरासा ओढलेली.

“तायडे!”

मी गर्रकन वळले. “ओ” माझ्या तोंडून निघूनही गेला होता.

त्यांची मान घराच्या आतल्या बाजूला होती.

“अगं तायडे,” ते लेकीला सांगत होते, “मॅडमना स्टँडपर्यंत सोडून ये.”